दगडापेक्षा वीट मऊ, पण ती कोणाच्या डोक्यात?

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी आणि अल्बर्टा प्रांताच्या प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डॅनिएल स्मिथ यांनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. अल्बर्टाचं तेल पॅसिफिकच्या किनाऱ्यावर नेणारी आणखी एक पाइपलाइन, रोज दहा लाख बॅरलची. त्याच दिवशी माजी पर्यावरणमंत्री स्टीव्हन गिल्बो मंत्रिमंडळातून बाहेर पडले. आणि त्या शनिवारी आमच्याकडे कॅलगरीत पिठलं-भाकरीवर जे भांडण झालं ते गेली पंधरा वर्षं मी ऐकतोय तेच होतं, माणसं फक्त बदलली. एक मित्र, वीस वर्षं पाइपलाइनच्या धंद्यात. एक भाची, व्हँकुव्हरला शिकते. हा म्हणतो, पाइपलाइन रेल्वेपेक्षा सेफ आहे, आकडे बघ, विषय संपला. ती म्हणते, काका, तेल जमिनीतच राहिलं पाहिजे, मग पाइप काय आणि रेल्वे काय. दोघंही स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर देत होते, समोरच्याचा प्रश्न कोणी ऐकतच नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको. क्रूड न्यायचंच असेल तर पाइपलाइन बरी, आणि जिथे फक्त पाइपलाइन अडवण्यावर सगळी ताकद लावली गेली तिथे तेल थांबलं नाही, त्यातलं बरंचसं रुळावर आलं आणि लोकांच्या दारावरून जायला लागलं. पण म्हणून विरोध करणारे मूर्ख होते असं अजिबात नाही. पाइपलाइनमध्ये आज जे काही सेफ आहे त्यातलं कितीतरी विरोधकांनी भांडून मिळवलंय. फक्त भांडायचं कशासाठी, तिथे गडबड झाली.

मी २०१४ ला मिनेसोटात होतो. ऑफिसच्या वाटेवर एक रेल्वे फाटक होतं, तिथे अडकलो की आठवड्यातून दोनदा तरी नॉर्थ डकोटाच्या बाकेन भागातली तेलाची मालगाडी लागायची. पुढे इंजिनं, मग वाळू भरलेला एक साधा डबा, हा इंजिन आणि तेल यांच्यात अंतर ठेवायला, आणि मग काळे गोल टँकर, एकामागून एक, शंभरच्या आसपास, प्रत्येकावर लाल चौकोन कोपऱ्यावर उभा आणि त्यात आकडा, १२६७. हा क्रूडचा नंबर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोजत बसलो, ऐंशीला मोजणं सोडलं. फाटकाला लागूनच एक डे-केअर होतं, कुंपणाला चिकटून पोरं प्रत्येक डब्याला टाटा करायची. तेव्हा लाक-मेगांतिकला वर्षही झालं नव्हतं.

लाक-मेगांतिक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो कारण हा सगळा वाद त्या एका रात्रीत आहे. क्वेबेकमधलं तळ्याकाठचं छोटं गाव. ५ जुलै २०१३ च्या रात्री बाकेनचं तेल घेऊन न्यू ब्रन्सविकच्या रिफायनरीला निघालेली ७२ टँकरची गाडी जवळच्या नाँत गावाजवळ उतारावर उभी केली. गाडीवर माणूस एकच. त्याने सात हँडब्रेक लावले, जे पुरेसे नव्हते, बाकी भिस्त इंजिनाच्या एअरब्रेकवर, आणि तो झोपायला हॉटेलात गेला. इंजिनाला आग लागली, अग्निशमनवाले आले, नियमाप्रमाणे इंजिन बंद करून आग विझवली. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हळूहळू हवा उतरली, आणि रात्री एकच्या सुमारास गाडी आपली आपण निघाली. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे वेग घेऊन ती गावाच्या मधोमध घसरली. साठ लाख लिटर तेल सांडलं आणि पेटलं. ४७ माणसं गेली, त्यातली बरीचशी शुक्रवारची रात्र म्हणून कॅफेत बसलेली. डबे जुन्या डॉट-१११ बनावटीचे, पातळ पत्र्याचे, आणि कागदावर तेलाचा धोका होता त्यापेक्षा कमी लिहिलेला. पुढे रेल्वेच्या तिघा कर्मचाऱ्यांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. कंपनी दिवाळखोरीत गेली.

ही गाडी त्या गावातून का जात होती? २००८ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी क्रूडच्या साडेनऊ हजार वाघिणी नेल्या होत्या, २०१४ मध्ये हा आकडा पाच लाखांच्या जवळ गेला. कारण साधं आहे, तेल निघालं भराभर आणि पाइप टाकायला वर्षं लागतात. रेल्वे मात्र तयार होती, रूळ शंभर वर्षांपूर्वीच गावागावातून टाकलेले, कोणाची परवानगी नको, जनसुनावणी नको, पर्यावरण अहवाल नको. इथे मला आंदोलनाचं खरंच नवल वाटतं. अल्बर्टाचं तेल अमेरिकेत नेणाऱ्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनसाठी २००८ पासून अर्ज, अहवाल, मोर्चे, व्हाइट हाउससमोर अटक करून घेणं, ओबामांनी २०१५ ला नाकारली, ट्रम्पनी २०१७ ला मंजूर केली, बायडेननी २०२१ ला पहिल्याच दिवशी रद्द केली. तेरा वर्षं एका पाइपवर सगळ्या जगाची नजर. त्याच काळात रुळांवर जे चाललं होतं त्यावर आल्बनी, पोर्टलंड अशा काही ठिकाणच्या स्थानिक लोकांनी आवाज उठवला, पण वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी एवढी माणसं कुठे होती? पाइपलाइन नवीन म्हणून दिसते, तिचा नकाशा छापून येतो. रेल्वे रोजचीच, ती कोणाला दिसतच नाही.

आता माझ्या मित्राचे आकडे. तो म्हणतो ते खोटं नाही, पण अर्धं आहे. घटना मोजल्या तर रेल्वे हरते. सांडलेलं तेल मोजलं तर पाइपलाइनही काही सोज्वळ नाही, कारण पाइप फुटला की नुसता एक डबा रिकामा होत नाही, बंद करेपर्यंत वाहतच राहतो. मिशिगनमध्ये मार्शल गावाजवळ जुलै २०१० ला एनब्रिज कंपनीची लाइन ६बी ही पाइपलाइन फुटली, तब्बल १७ तास कंट्रोल रूमला पत्ता नाही. अलार्म वाजत होते, ऑपरेटरांना वाटलं लाइनमध्ये बुडबुडा धरलाय, म्हणून त्यांनी पंप आणखी दोनदा चालू केले. शेवटी एका गॅस कंपनीच्या माणसाने फोन करून सांगितलं की अहो इथे ओढ्यात तेल आहे. वीस हजार बॅरल कॅलमझू नदीत. तेही साधं तेल नाही, अल्बर्टाचं बिट्युमेन. हे डांबरासारखं घट्ट असतं, पातळ करायला त्यात हलकं तेल मिसळतात, सांडल्यावर हलकं ते उडून गेलं आणि जड ते तळाशी बसलं. नदीचा तळ खरवडत वर्षं गेली, खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे. तेव्हा "पाइपलाइन सेफ" हे वाक्य कॅलमझूच्या काठावर राहणाऱ्याला ऐकवून बघा.

पण एक फरक आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. मार्शलमध्ये कोणी मेलं नाही. लोकांनी घरं सोडली, नदी घाण झाली, पैसा गेला. लाक-मेगांतिकमध्ये ४७ जण जागेवर गेले. तेल जमिनीखालून माळरानातून जातं तेव्हा ते नदी नासवतं, तेल रुळावरून बाजारपेठेतून जातं तेव्हा ते माणसं जाळतं. दोन्ही वाईटच. तरी दोन्ही सारखंच असं मला कोणी म्हणू नये. शिवाय डिझेलचा धूर राहिलाच. नॉर्थ डकोटाच्या तेलावर अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब केला, तर गळती आणि अपघातांच्या नुकसानापेक्षा हवेच्या प्रदूषणाचं नुकसान कितीतरी मोठं निघालं, आणि ते रेल्वेचं पाइपलाइनच्या जवळजवळ दुप्पट. पर्यावरणाच्या नावाने पाइप अडवणाऱ्यांनी निदान हा कागद तरी वाचावा.

रेल्वेच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे, तो आमच्या जेवणात कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. बिट्युमेनमधलं मिसळलेलं हलकं तेल काढून टाकलं तर उरतं ते इतकं घट्ट की पाइपमधून जाणारच नाही, पण टँकरमधून जातं, आणि सांडलं तर वाहत नाही, सहजासहजी पेटतही नाही. अल्बर्टात हार्डिस्टीला असं हलकं तेल वेगळं करणारा कारखाना उभा राहिलाय. (आपल्याकडे उलटं, बाडमेरचं मेणचट तेल पाइपमध्ये गोठू नये म्हणून अख्खी पाइपलाइन तापवत नेतात.) म्हणजे रेल्वे नेहमीच वाईट असंही नाही. पण हा प्रकार अजून थोडका आहे, बाकेनचं तेल मुळातच पातळ आणि ज्वालाग्राही, त्याला हा उपाय लागू नाही.

आता भाचीचा मुद्दा, जो माझ्या मते विरोधाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि माझा मित्र त्याला कधी हात लावत नाही. ती म्हणते, मामा, पाइप एकदा टाकला की चाळीस-पन्नास वर्षं तो वापरलाच जातो, पैसे वसूल करायचे असतात. रेल्वे महाग पडते, म्हणून पाइप नसला की तेलाचा धंदा आकसतो, नवीन खाणी निघत नाहीत. हे बरोबर आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१४ च्या अहवालात म्हटलं होतं की कीस्टोन नसली तरी तेल रेल्वेने येईलच, म्हणून पाइपलाइनने उत्सर्जनात फारसा फरक पडणार नाही. त्याच वर्षाअखेर तेलाचे भाव कोसळले आणि रेल्वेचं गणित बिघडलं, "येईलच" तितकं खरं राहिलं नाही. शेल, स्टॅटऑइल या कंपन्यांनी ऑइल सँड्समधला, म्हणजे अल्बर्टाच्या बिट्युमेनच्या खाणींमधला, आपला मोठा वाटा विकला. टेक या खाण कंपनीने २०२० मध्ये वीस अब्ज डॉलरचा फ्रंटियर प्रकल्प स्वतःहून मागे घेतला. पाइपच्या अडचणीचा यात काहीच वाटा नाही असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून दूध पिणं.

मग मी तरी तिच्याशी सहमत का नाही? कारण शेवटचा हिशेब बघा. २०१० च्या आसपास कॅनडा रोज तीस लाख बॅरलच्या आतबाहेर क्रूड काढत होता, आज पन्नास लाखांच्या जवळ आहे. कीस्टोन एक्सएल मेली, नॉर्दर्न गेटवे मेली, एनर्जी ईस्ट मेली, तिन्ही पाइपलाइनी कागदावरच राहिल्या, आणि तेल वाढलंच. जुन्या लाइनी बदलल्या, पंप वाढवले, जिथे नाही जमलं तिथे रेल्वे. २०१८ च्या शेवटी पाइप इतके तुंबले की अल्बर्टाचं जड तेल अमेरिकन तेलापेक्षा बॅरलमागे चाळीस डॉलरहून जास्त स्वस्त विकलं गेलं. तो फायदा कोणाला झाला? पृथ्वीला? अमेरिकेतल्या मिडवेस्टच्या रिफायनऱ्यांना झाला, स्वस्त कच्चा माल आणि पेट्रोल मात्र नेहमीच्या भावाने. आणि अल्बर्टात तेव्हा सरकार होतं डाव्या एनडीपी पक्षाचं, रेचल नॉटली यांचं, त्यांनी एकीकडे कंपन्यांना उत्पादन कापायला लावलं आणि दुसरीकडे काय केलं, तर तेल न्यायला ४,४०० वाघिणी भाड्याने घेण्याचा ३.७ अब्ज डॉलरचा करार. पाइपलाइनविरोधी चळवळीच्या सगळ्यात मोठ्या यशाच्या दिवसांत एक पर्यावरणप्रेमी म्हणवणारं सरकार मालगाड्या गोळा करत होतं! तेलाला जागा नाही म्हणून तेल थांबत नाही, ते घेणारा नाही म्हणून थांबतं. घेणारा कमी करायचा तर गाड्या, घरांची हीटिंग, कार्बनवरचा कर, हे सगळं कंटाळवाणं काम आहे, त्याला पोस्टर चांगलं होत नाही.

आणि गंमत म्हणजे पाइपलाइनला विरोध हा काही पर्यावरणवाद्यांनी लावलेला शोध नाही. पेनसिल्व्हेनियात १८६५ मध्ये सॅम्युएल व्हॅन सिकल नावाच्या माणसाने पिटहोलच्या विहिरींपासून रेल्वे स्टेशनापर्यंत पाच-साडेपाच मैलांची दोन इंची पाइपलाइन टाकली, तोवर तेलाची पिंपं घोडागाड्यांवरून चिखलातून जायची आणि गाडीवाले तोंडाला येईल तो दर लावायचे. त्या गाडीवाल्यांनी कुदळींनी पाइप उखडला, व्हॅन सिकलला बंदूकधारी पहारेकरी ठेवावे लागले. १८७९ ला टाइडवॉटर कंपनीने ॲलेगनीचे डोंगर ओलांडून शंभर मैलांवर पाइप नेला तेव्हा रेल्वे आणि स्टँडर्ड ऑइलने वाटेतल्या जमिनी विकत घेऊन तो अडवायचा प्रयत्न केला. पाइप थांबला नाही, कारण तो स्वस्त होता. उलट १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेलाची जहाजं बुडवायला सुरुवात केली तेव्हा तेल मालगाड्यांवर आलं, आणि सरकारने टेक्सासपासून २४ इंची 'बिग इंच' वर्षभरात टाकून घेतली. दरवेळी एक वाट बंद झाली की तेल दुसऱ्या वाटेने आलं.

पण याच इतिहासात एक असा विरोध आहे की ज्याने खरंच काहीतरी कमावलं, आणि तो माझ्या मुद्द्याचा कणा आहे. अलास्का. तेल कंपन्यांचा मूळ बेत होता गरम तेलाचा पाइप जवळजवळ सगळा जमिनीत गाडायचा. सरकारच्याच भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगितलं की खालची गोठलेली जमीन वितळेल आणि पाइप खचेल. पर्यावरण संघटनांनी १९७० मध्ये नव्या पर्यावरण कायद्याखाली कोर्टात धाव घेतली, काम अडलं, तीन वर्षं गेली. शेवटी १९७३ मध्ये सिनेटमध्ये मतं समान पडली, उपाध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांनी आपलं मत टाकून प्रकल्प सोडवला. म्हणजे विरोधक हरले ना? कागदावर हरले. पण त्या तीन वर्षांत डिझाइन पार बदललं, १,३०० किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त पाइप खांबांवर उचलला, कॅरिबू हरणांना जायला जागा ठेवल्या, आणि डेनाली फॉल्टवर पाइप रुळांसारख्या तुळयांवर मोकळा ठेवला, जमीन सरकली तर त्यालाही सरकता यावं म्हणून. ३ नोव्हेंबर २००२ ला तिथेच ७.९ चा भूकंप झाला, पाइपखालची जमीन कित्येक फूट बाजूला गेली, पाइप आपल्या तुळयांवर घसरला. एक थेंब सांडला नाही.

बरं, अलास्काचं सगळ्यात मोठं पाप कुठे घडलं? पाइपच्या शेवटी, समुद्रात. २४ मार्च १९८९, एक्सॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि एक कोटी गॅलनच्या वर तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये. पाइपसाठी तीन वर्षं भांडून झाली होती, जहाजाचं बूड मात्र एकेरी पत्र्याचंच राहिलं.

स्टँडिंग रॉकबद्दल बोललो नाही तर हा लेख लबाडीचा होईल. डकोटा ॲक्सेस पाइपलाइनचा एक पर्यायी मार्ग बिस्मार्क शहराच्या उत्तरेने जात होता, तो नाकारला गेला, कारणांमध्ये एक कारण शहराच्या पाण्याच्या विहिरी. मग पाइप गेला ओआहे तलावाखालून, सू आदिवासींच्या स्टँडिंग रॉक या राखीव जमिनीला लागून, जिथून त्यांचं पिण्याचं पाणी येतं. २०१६ च्या थंडीत तंबू ठोकून बसलेल्या त्या लोकांवर पाण्याचे फवारे मारले गेले. इथे आमचा मित्र "रेल्वेपेक्षा सेफ" म्हणायला लागला की मला राग येतो. दगडापेक्षा वीट मऊ, मान्य, पण ती दरवेळी त्याच माणसाच्या डोक्यात का घालायची? बिस्मार्कच्या लोकांना जी भीती वाटली ती खरी आणि स्टँडिंग रॉकच्या लोकांची भीती अडाणीपणा? पण हेही बघा की तिथल्या लोकांचं म्हणणं होतं, आमच्या पाण्याखालून नको, आम्हाला विचारल्याशिवाय नको. बाहेरून आलेल्या पाठिंब्याने त्याचं "एकही पाइप नको" करून टाकलं, आणि मार्ग बदलण्याची मागणी, जी कोर्टात टिकण्यासारखी होती, ती घोषणांमध्ये हरवली. २०१७ पासून तेल त्या पाइपमधून वाहतंय. २०२० मध्ये कोर्टाने पूर्ण पर्यावरण अभ्यास करायला सांगितला, तेल वाहत असतानाच.

हेच अल्बर्टाचं तेल व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर नेणाऱ्या ट्रान्स माउंटन पाइपलाइनमध्ये वेगळं घडलं. २०१८ मध्ये कॅनडाच्या अपील कोर्टाने मंजुरी रद्द केली, कारणं दोन, आदिवासींशी सल्लामसलत नीट केली नाही आणि जहाजांची वाहतूक प्रकल्पाच्या अभ्यासातून वगळली. सरकारला परत बसावं लागलं, दीडशेच्या वर अटी लागल्या. लाइन मे २०२४ ला सुरू झाली, खर्च ३४ अब्ज डॉलर, जो अव्वाच्या सव्वा आहे आणि त्याबद्दल वेगळं भांडता येईल. पण त्या अटी आता कागदावर आहेत, मोडल्या तर कोर्टात जाता येतं. फाटकावरून जाणाऱ्या मालगाडीला अशी अट कोण घालणार? लाक-मेगांतिकला गावाबाहेरून रूळ न्यायचा बायपास ठरला, अपघाताला बारा वर्षं होऊन गेली तरी तो झालेला नाही, एक कारण म्हणजे तो ज्यांच्या शेतातून जाणार त्या शेजारच्या फ्रॉन्टनॅकच्या लोकांनी मोठ्या बहुमताने नको म्हटलंय. त्यांचंही काय चुकलं?

जेवण झाल्यावर भाची म्हणाली, "मग मामा, नव्या पाइपलाइनच्या विरोधात एक निवेदन फिरतंय, सही करणार का?" मी म्हटलं, दाखव. एकच ओळ होती, कोणतीही नवीन पाइपलाइन नको. मी म्हटलं, यावर नाही करणार, पण उत्तर किनाऱ्यावरची टँकरबंदी उठवू नका असं लिही, तिथे लगेच करतो. २०१९ चा तो कायदा आहे, मोठ्या तेलवाहू जहाजांना उत्तर ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर मनाई, आणि या करारात गरज पडली तर त्याला मुरड घालायची सोय ठेवलीय. व्हॅल्डीझ जिथे फुटलं त्याच प्रकारचं पाणी, तसेच खडक, तशाच खाड्या. मित्र म्हणाला, टँकर नाही तर पाइप नेऊन करायचं काय? मी म्हटलं, हाच प्रश्न तुझ्या कंपनीला विचार. मग भाचीला म्हटलं, निवेदनात लिही, व्हॉल्व किती किलोमीटरवर, गळती कळल्यापासून किती मिनिटांत बंद, लाइन मेल्यावर उपसायचा पैसा आधीच कोणाच्या खात्यात, आणि कोणाच्या नदीखालून जाणार. "मार्ग कुठला आहे पण?" तिने विचारलं. मित्राने फोन काढला, नकाशा शोधला, सापडेना. मार्ग अजून आखलेलाच नव्हता.